खाद्याच्या खोलीतलं ऑर्किड

पिल्लांची नवी बॅच शेडमध्ये उतरली की आमच्या घरात दिवा लावावा लागत नसे. घराच्या मागच्या भिंतीला लागूनच शेड होती आणि पहिले दहा-बारा दिवस तिथे इतके बल्ब पेटलेले असत, की मागच्या दारातून आत येणाऱ्या पिवळ्या उजेडात आई तांदूळ निवडायची, आत्या साडीला फॉल लावायची आणि मी उंबऱ्यावर बसून रसायनशास्त्र वाचायचे. माझ्या नातीला हे सांगते तेव्हा ती म्हणते, आजी, तू जरा वाढवून सांगतेस. वाढवून सांगते हे खरं, पण एवढंही नाही. कार्ल्याच्या डोंगराखाली आमची वस्ती, एका अंगाला भातखाचरं, दुसऱ्या अंगाला एक्स्प्रेसवेची न थांबणारी घरघर, आणि या सगळ्यावर चार हजार पिल्लांची चिवचिव. आम्हाला ती ऐकूही यायची नाही. बॅच निघून गेली, शेड रिकामी झाली, की मात्र कानाला काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं आणि आम्ही उगाच मोठ्याने बोलायचो. पाहुण्यांना वाटे, यांच्याकडे रोज कोंबडीचा रस्सा शिजत असेल. कोंबड्या कंपनीच्या, आमचा फक्त सांभाळ. आमच्या ताटात इंद्रायणीचा चिकट भात, सुकटीची चटणी, पावसाळ्यात खेकड्याचं कालवण आणि अळूचं फदफदं. मी अजूनही तेच जेवते आणि डॉक्टरांना सांगत नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, शेडमध्ये एक नियम कसोशीने पाळत. दिवस-रात्र दिवे चालू, पण संध्याकाळी सात ते आठ सगळे बल्ब बंद. त्या तासात घरातही कोणी आवाज करायचा नाही. आई कुकर लावायची नाही, कारण शिटी. कधी काळी असा नियम नव्हता तेव्हा एकदा अचानक वीज गेली होती, आणि जन्मापासून उजेडच पाहिलेली ती पिल्लं घाबरून एका कोपऱ्यात एकमेकांवर चढली होती. खालची गुदमरून गेली. तेव्हापासून आबा पिल्लांना रोज तासभर काळोखाची सवय लावत. मी हे लहानपणापासून बघत होते. नुसतं बघत होते, त्यातून काही शिकले नव्हते, हे पुढे कळेलच.

बारावी विज्ञान पास झाले ती जेमतेम. ज्या फुलशेतीच्या पदविकेला मला जायचं होतं, तिचा अर्ज भरायची मुदत मी मार्कांच्या शरमेने घालवली आणि वर्ष हातातून गेलं. घरात दोन पक्ष पडले. माझा पक्ष असा, की पुढच्या वर्षी अर्ज भरायचा आणि दोन वर्षं वसतिगृहात राहून ती पदविका करायची. आबांचा पक्ष असा, की उर्से टोलनाक्यावर पोरींची भरती होते, ओळखीच्या माणसाने शब्द दिलाय, तिथे बसायचं. आबा काही दुष्ट नव्हते. जन्मभर तुसाच्या धुळीत तोंडाला फडकं बांधून उभा राहिलेला माणूस तो. पोरीला सावली, खुर्ची आणि अंगावर स्वच्छ कपडे मिळावेत, यापलीकडे त्यांना काही दिसत नव्हतं. मला त्या खुर्चीचीच धास्ती होती. तेव्हा टोल माणसंच घेत. काचेच्या पेटीत बसून येणाऱ्या गाड्यांकडे हात पुढे करायचा, आणि त्या गाड्या सगळ्या कुठेतरी निघालेल्या. आई कोणत्याच पक्षात नव्हती. ती म्हणायची, आधी जेवा.

आणि मग आत्याने ती झाडं आणली. शकुआत्या आबांची थोरली बहीण, नवऱ्यामागे आमच्याकडेच राहायला आलेली. लोणावळ्यात भुशीच्या बाजूला एका हॉटेलात ती खोल्या आवरायच्या कामाला होती. तिथे लग्नं व्हायची, लग्नांना ऑर्किडच्या कुंड्या यायच्या आणि फुलं गळाली की कुंड्या कचऱ्यात जायच्या. आत्याला टाकलेली वस्तू बघवत नसे. तिने आजवर घरी आणलेल्या वस्तूंमध्ये एक चाक नसलेली सुटकेस होती, अर्धा आरसा होता आणि कोणा पाहुण्याने विसरलेली काठी होती. त्या दिवशी तिने पिशवीतून तीन कुंड्या काढून ओट्यावर मांडल्या. पाचसहा जाड हिरवी पानं, कुंडीबाहेर लोंबणारी राखाडी मुळं आणि वाळलेला दांडा. आईने विचारलं, हे बांडगूळ घरात कशाला. आत्या म्हणाली, बांडगूळ काय, महागाचं फूल आहे, आर्कीट म्हणतात, हॉटेलचा माळी म्हणतो याला परत फूल येत नाही.

परत फूल येत नाही, हे वाक्य माझ्या डोक्यात शिरलं आणि बाहेर निघेना. एकदा फूल दिलेल्या झाडाला परत का येऊ नये? मी तावातावाने म्हणाले की मी आणून दाखवते. आबा तेव्हा हात धुऊन ओट्यावर बसले होते. त्यांना माझ्या तावाची गंमत वाटली असावी. त्यांनी कुंडी उचलून तळ बघितला, मुळं बघितली आणि म्हणाले, "जयंतीपतुर फूल दाव. दावलंस तर जा तुला शिकाय जायाचं तितं, मी सोता सोडाय येतो. न्हाई तर टोलवर बसायचं, तोंड वाकडं न करता."

जयंती म्हणजे चौदा एप्रिल. आमच्या वस्तीचं वर्ष जयंतीपासून जयंतीपर्यंत चालतं. टोलची पुढची भरतीही तिच्यानंतरच होती. माझ्या हातात दहा-अकरा महिने होते. मी लगेच हो म्हणाले. आत्याने साक्षीदार म्हणून दोघांच्या हातावर साखर ठेवली. एवढा आनंद मला पुढे लग्नात झाला नाही, हे माझे यजमान हयात असतानाही मी सांगत असे.

झाडं ठेवायची कुठे, हा पहिला प्रश्न. अंगणात कोंबड्या. वस्तीत मोकळ्या फिरणाऱ्या गावठी कोंबड्या म्हणतेय मी, त्यांना राखाडी मुळं म्हणजे गांडुळंच वाटली. शिवाय पावसाळा तोंडावर आलेला. आमच्याकडे पावसाळ्यात दोन-दोन आठवडे सूर्य दिसत नाही, कपडे चुलीवर वाळवावे लागतात, भिंतीला हिरवं येतं. झाड उजेडावाचून काय करणार? तेव्हा मला खाद्याच्या खोलीची आठवण झाली. शेड आणि घर मिळतात त्या कोपऱ्यात ती एक बुटकी खोली, पिल्लांच्या खाद्याची पोती रचून ठेवायची. एक लहान खिडकी, तिलाही बारदानाचा पडदा. कोरडी आणि ऊबदार खोली, मक्याचा आणि मासळीच्या भुकटीचा वास. तिथे मी पोत्यांच्या थप्पीवर फळी टाकली, फळीवर कुंड्या मांडल्या आणि वर शेडमधला एक जुना बल्ब टांगला.

दुसऱ्याच दिवशी एका पानाला रुपयाएवढा तपकिरी डाग पडला. बल्ब पिल्लाला ऊब देतो, पानाला चटका देतो, हा माझा पहिला धडा. मग आबांनी शेडसाठी आणून ठेवलेल्या पांढऱ्या एलईडी नळ्यांपैकी दोन मागून घेतल्या. त्या सुतळीने आढ्याला बांधल्या, पानांपासून वीतभर वर, आणि सुतळीला गाठी मारून उंची कमी-जास्त करायची सोय केली. बटण दाबलं आणि ती मळकी खोली एकदम लख्ख झाली. पोत्यांवरची छापील अक्षरं, कोळ्यांची जाळी, कुंड्यांमधल्या पानांवरची बारीक शीर न् शीर दिसायला लागली. मी आत्याला हाक मारली, आत्याने आईला, आणि आम्ही तिघी त्या बुटक्या खोलीत वाकून उभ्या राहून पांढऱ्या उजेडातली ती हिरवी पानं बघत राहिलो. आई म्हणाली, दवाखान्यासारखं दिसतंय. मला तर ते स्वर्गासारखं दिसत होतं.

त्या काळी आमच्या घरात एकच स्मार्टफोन होता, आबांचा, कंपनीच्या सुपरवायझरशी बोलायला. तो दुपारी अर्धा तास मला मिळे. त्यावर मी एका परदेशी बाईचे व्हिडिओ बघत असे. तिचं बोलणं निम्मं कळे, पण बोटं दाखवून ती सांगे ते कळे. मुळं वाळली की राखाडी, भिजली की हिरवी. राखाडी झाल्याशिवाय पाणी घालू नका. कुंडीत माती नको, सालीचे तुकडे आणि कोळसा. कोळसा आमच्याकडे पोतंभर होता, थंडीत शेडमध्ये शेगडी लावायला. साल नव्हती, म्हणून नारळाच्या सोडणाचे तुकडे केले. आणि उजेड बारा ते चौदा तास द्या, असंही ती बाई सांगे. एवढं एकच मी मानलं नाही.

आता हसू येतं, पण तेव्हाचा माझा विचार अगदी पक्का होता. आमच्या घरात उजेड म्हणजे वाढ. उजेड असला की पिल्लू खातं, खाल्लं की वाढतं, चाळीस दिवसांत मुठीएवढं पिल्लू दोन हातांत मावेनासं होतं. मी जन्मल्यापासून हे बघत आलेली. बारा तासांवर त्या बाईची झाडं वाढत असतील तर वाढोत, आमच्याकडे बारा तासांवर कोणी काही वाढवलेलं नव्हतं. मला घाई होती, जयंती गाठायची होती. मी नळ्या चालू केल्या त्या बंद केल्याच नाहीत. खिडकीचं बारदानही खिळ्यांनी पक्कं ठोकलं, वारा यायला नको म्हणून. झाडांना रात्रच ठेवली नाही. आपण त्या बाईच्या एक पाऊल पुढे आहोत, अशी माझी खात्री होती.

आणि झाडं वाढली, हेच तर फसवं होतं. पावसाळाभर बाहेर सगळं करडं आणि ओलं, आणि मी दिवसातून दहा वेळा त्या खोलीत. नवं पान फुटलं तेव्हा ते भाताच्या लोंबीतल्या दाण्याएवढं होतं. ते मी काडीवर खुणा करून मोजत असे आणि डायरीत लिहून ठेवत असे. पाणी घातल्यावर राखाडी मूळ डोळ्यांदेखत हिरवं होतं, ते बघायला मी वस्तीतल्या मैत्रिणींना बोलावून आणे. त्यातल्या दोघी परत आल्या नाहीत, पण एक नेमाने येई. मी माझ्याशीच बोलायला लागले होते, झाडांशीही. जेवताना मध्येच उठून जाई. आई म्हणायची, हिला कुठे देऊ नका, ही त्या खोलीतच नांदणार.

तीनपैकी एक झाड श्रावणात गेलं. आत्या पहाटे कामावर जाण्याआधी प्रेमाने प्रत्येक झाडाच्या मधोमध तांब्याभर पाणी घालत होती, हे मला माहीतच नव्हतं. पाणी पानांच्या बेचक्यात साचलं, गाभा कुजला आणि एके दिवशी वरची पानं हातात आली. आत्याला काय वाटेल म्हणून मी तिला सांगितलं, की ते आधीपासूनच आजारी होतं. ती दोन दिवस कोणाशी फारशी बोलली नाही.

गणपती होऊन गेल्यावर एका सकाळी मला उरलेल्या दोनपैकी एका झाडाच्या खालच्या पानाच्या काखेत हिरवं टोक दिसलं. गव्हाच्या दाण्याएवढं, टोकाला चकचकीत. मी तशीच पोत्यावर बसले. दांडा. फुलाचा दांडा. मी ओरडतच बाहेर आले. आत्याला त्या दिवशी सुट्टी होती. तिने टोक बघितलं, डोळे पुसले आणि कोणाला काही न विचारता कार्ल्याच्या नाक्यावरून पेढे आणून अख्ख्या वस्तीत वाटले. प्रत्येक दारात म्हणाली, आमच्या सुजाच्या आर्कीटला दांडा आला. दुसऱ्या दिवशी तिने हॉटेलातल्या मॅडमना सांगितलं, माळ्याला सांगितलं, परत येताना रिक्षात बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगितलं. मी मनातल्या मनात वसतिगृहात कोणती चादर न्यायची ते ठरवलं.

दहा दिवसांनी ते टोक राखाडी झालं, वळलं, आणि सरळ कुंडीच्या काठावरून खाली उतरायला लागलं. ते मूळ होतं.

पुढे मी शेकडो नवशिक्यांना हे शिकवलं आहे. मुळाचं टोक गोल आणि गुळगुळीत असतं, दांड्याचं चपटं आणि एका बाजूला फुगीर. आजही कोणी मला आनंदाने फोटो पाठवला आणि ते मूळ निघालं, की लगेच उत्तर द्यायला माझा हात धजत नाही. कारण मला तो पेढ्यांचा पुडा आठवतो. वस्तीतल्या बाया महिनाभर आत्याला अडवून विचारत होत्या, शकुबाई, फूल कुठवर आलं? आत्या तोऱ्यात म्हणायची, "वाटंवर हाय." घरी आली की माझ्याकडे बघायची नाही. आबा एकदाही हसले नाहीत. ते हसले असते तर मला बरं वाटलं असतं.

दिवाळीनंतर झाडांचं काहीतरी बिनसलं. पानं मोठी झाली होती, पण मऊ पडली. हाताला ढिली लागत, रंग फिका. नवं काही फुटेना. मी पाणी वाढवलं, कमी केलं, नळ्या वर घेतल्या, खाली घेतल्या. मला सुचेल ते सगळं केलं, फक्त बटण बंद केलं नाही. एका दुपारी मी फळीपुढे बसलेली असताना आबा खाद्याचं पोतं न्यायला आले. पोतं खांद्यावर न घेता ते थांबले. पिल्लू थंड पडलंय की गरम, हे बघायला आबा त्याचे पाय आपल्या गालाला लावून बघत. तसंच त्यांनी खाली वाकून झाडाचं पान गालाला लावलं.

"कोमट हाय," ते म्हणाले. मग नळ्यांकडे बघून त्यांनी विचारलं, "ह्यास्नी काळोख कवा देतीस?"

देतच नाही, मी म्हणाले. त्यांनी दुसऱ्या पानाला हात लावला, खिडकीवरच्या बारदानाकडे बघितलं, खिळे बघितले. माणूस मनात काहीतरी तोलून बघतोय असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं, आणि तेव्हा मला वाटलं ते पोत्याचा विचार करतायत.

"सांच्याला दिवं घालवत जा," ते शेवटी म्हणाले. "आन् बारदान काढ. ऱ्हाऊ दे ह्यास्नी खिडकीशी. थंडी लागू दे जरा."

मी म्हणाले, मरतील. बाहेर पहाटेला धुकं, अंगावर काटा येतोय.

"जी जलमभर उजेडात ठिवली ती मरत्यात," आबा म्हणाले आणि पोतं उचलून शेडमध्ये गेले.

मी काय विचार केला, तो आता लिहायचा आहे, आणि हे प्रकरण मी इतकी वर्षं लिहायचं टाळलं ते याच्यामुळेच. मला वाटलं, आबा मुद्दाम सांगतायत. झाडं थंडीने गेली तर पैज संपली, मी टोलवर. दोन महिन्यांपूर्वी ते माझ्या पेढ्यांवर हसले नाहीत त्याचाही मी उलटा अर्थ लावला, की मनातून बरं वाटलं असणार. ज्या माणसाने बारावीच्या परीक्षेला मला रोज परीक्षाकेंद्रापर्यंत सोडलं, पेपर संपेपर्यंत बाहेर चहाच्या टपरीवर बसून राहिला, त्याच्याबद्दल मला असं वाटलं. अठराव्या वर्षी माणसाला आपली इच्छा फार मोठी दिसते आणि समोरचा माणूस तिच्याआड उभा आहे असंच वाटत राहतं.

पण आबांना पिल्लांचं कळतं, हेही मला माहीत होतं. मग मी मधला मार्ग काढला, आणि तो मला फार हुशारीचा वाटला. एक कुंडी खिडकीत ठेवली, बारदान काढून. संध्याकाळी तिच्यावर उजेड पडू नये म्हणून मध्ये पोती रचली. दुसरी कुंडी होती तिथेच, नळ्यांखाली, रात्रंदिवस. आबा खोटं सांगत असतील तर एक तरी वाचेल. आबा रोज पोतं न्यायला येत. रोज दोन्ही कुंड्या बघत. एक खिडकीत, एक दिव्याखाली. कधी एक शब्द विचारला नाही. मला वाटलं, त्यांच्या लक्षातही आलं नसेल.

ती थंडी चांगलीच पडली. सकाळी खिडकीच्या गजांवर दव असे आणि खिडकीतल्या पानांना हात लावला की बोटं गार पडत. मी तोंड धुवायच्या आधी तिच्याकडे जाई, मेली का बघायला. मेली नाही. उलट आठवड्याभरात पान ताठ झालं. मला ते मान्य करायचं नव्हतं, म्हणून मी ते डायरीत लिहिलंच नाही. नाताळाच्या सुट्टीत लोणावळ्याला माणसांचा पूर आला, आत्याला दुप्पट काम, ती घरी येऊन पाय गरम पाण्यात सोडून बसायची आणि विचारायची, आज काय म्हणतं. मी म्हणायचे, काही नाही म्हणत.

जानेवारी सरत आला होता. सकाळची वेळ, शेडमध्ये नवी बॅच उतरायची होती म्हणून आबा तूस पसरत होते आणि खोलीत बारीक धूळ तरंगत होती. खिडकीतल्या झाडाच्या तिसऱ्या पानाच्या काखेत मला काहीतरी दिसलं. मी आनंदले नाही. मी शहाणी झाले होते. आईची शिवणाची सुई आणली, सुईच्या टोकाने धूळ बाजूला केली, नाक टेकेल इतकं वाकून बघितलं. टोक चपटं होतं. एका बाजूला फुगीर. मी तरी कोणाला सांगितलं नाही. आठ दिवस मी पोटात ते गुपित घेऊन वावरले. जेवण जाईना, झोप लागेना, उगाचच हसू येई. नवव्या दिवशी ते बोटाच्या पेराएवढं होऊन खिडकीकडे, उजेडाच्या दिशेने, वर वळलं. मुळं खाली जातात. दांडा वर जातो.

मी शेडच्या दारात गेले आणि आबांना हाक मारली. ते पिल्लांना पाणी दाखवत होते, एकेकाची चोच भांड्यात बुडवून. मी म्हणाले, आला. त्यांनी विचारलं, कोणाला. खिडकीतलीला, मी म्हणाले. ते हातातलं पिल्लू खाली ठेवून आत आले, वाकले, बघितलं, आणि इतके खूश झाले, की त्यांनी मला पाठीत थाप मारली ती मी पोत्यावर जाऊन आदळले. मग ते नळ्यांखालच्या कुंडीकडे वळले. ती तशीच, फिकी, मऊ पानांची. तिच्याकडे त्यांनी जरा जास्तच वेळ बघितलं. मला तेव्हा समजलं, की त्यांच्या लक्षात पहिल्या दिवशीच आलं होतं. माझे कान तापले. मी त्याच संध्याकाळी दुसऱ्या कुंडीवरचा दिवा घालवला, पण ती थंडी आता ओसरायला लागली होती.

आत्याने यावेळी पेढे आणले नाहीत. ती रोज कामावरून आली की पायातल्या चपलांसकट खोलीत यायची, दांड्याजवळ बोट धरायची, कुठपर्यंत आलाय ते बघायची आणि मग चपला काढायला परत दाराशी जायची. दांडा हातभर झाला, मी त्याला काडीचा आधार दिला. टोकाला कळ्या दिसल्या. आधी मोहरीएवढ्या, मग हरभऱ्याएवढ्या. पाच होत्या. मार्च गेला. मी दिवस मोजत होते आणि कळ्या त्यांच्या त्यांच्या चालीने चालल्या होत्या. उजेड वाढवून त्यांना ढकलावं, असा मोह मला झाला. हात बटणापर्यंत गेलाही. पण मी ते केलं नाही.

फूल नंतर उमललं. पांढरं, मध्ये जांभळट, आणि चांगलं अडीच महिने टिकलं. आत्याने त्याचा फोटो हॉटेलातल्या माळ्याच्या नाकाखाली धरला. पण फूल उमललं ते जयंती होऊन गेल्यावर आठ दिवसांनी. जयंतीच्या सकाळी पहिली कळी बोराएवढी होती, टच्च भरलेली, आणि बंद.

वस्तीत पहाटेपासून धांदल. निळे झेंडे, विहारापुढे रांगोळी, लाऊडस्पीकर लावणाऱ्यांची भांडणं. घरात आई खिरीचं पातेलं ढवळत होती आणि वेलचीचा वास खाद्याच्या खोलीपर्यंत आला होता. मी पांढरी साडी नेसून तिथेच उभी होते, कळीकडे बघत. ती आत्ता उघडेल, मग उघडेल असं म्हणत सकाळचे नऊ वाजले. आबा कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून दारात आले, विहाराकडे निघायचं म्हणायला. मी ठरवूनच ठेवलं होतं. पैज म्हणजे पैज.

मी म्हणाले, "फूल न्हाई आलं आबा. कळीच हाय. टोलवाल्यांना सांगा, मी येते."

 आबा आत आले, सदरा मळेल म्हणून हात मागे बांधून कळीसमोर वाकले.

"आतनं टोच मारलेलं अंडं मी जित्तं धरतो," ते म्हणाले. "तू अर्ज भर. टोलवाल्याला मी फोन करतो."

मला रडू फुटलं. किती दिवसांचं होतं कोण जाणे. नाकडोळे पदराने पुसत मी विचारलं, की मग काळोखाचं सांगितलंत कशाला. सांगितलं नसतं तर तुमचंच खरं झालं असतं, मी टोलवर गेले असते.

"बघवंना," आबा म्हणाले.

एवढं बोलून ते वळले होते. दारापाशी थांबले आणि माझ्याकडे न बघता, नळ्यांखालच्या कुंडीकडे मानेने दाखवून त्यांनी विचारलं, "ती का न्हाई ठिवली खिडकीत?"

जागा नव्हती, असं सांगता आलं असतं. खिडकी लहानच होती. पण त्या सकाळी माझ्याने खोटं बोलवेना. मी म्हणाले, "मला वाटलं, तुमी माझं झाड मारताय."

विहाराकडून कोणीतरी माईक तपासत होतं, एक दोन तीन, एक दोन तीन. आबा उभे होते. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त सदऱ्याची पाठ दिसत होती, नवी, घडीच्या रेघा उमटलेली. मला वाटलं, आता हा माणूस माझ्याशी कधी बोलणार नाही.

"एक तरी ठिवलीस," ते म्हणाले, आणि खिरीचं पातेलं उचलायला आईकडे गेले.